प्रोग्रॅमिंग शिकायला पुस्तक कुठलं घ्यायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी जरा सविस्तर

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथंच होतो. परीक्षा पास व्हायचं पुस्तक वेगळं आणि लँग्वेज शिकायचं पुस्तक वेगळं. आमच्याकडं पोरं सेम चालू झाली की दुकानात जातात, "सी चं पुस्तक द्या" म्हणतात, दुकानदार जे जास्त खपतंय ते काढून देतो, आणि ते असतं क्वेश्चन बँकेच्या जवळपासचं कायतरी. त्यात वाईट काय नाही, पासिंग पॅकेज म्हणून ते चांगलंच असतं, पण तेच वाचून प्रोग्रॅमिंग येईल म्हणून बसलात तर दोन सेम जातील आणि व्हायवाला सरांनी "हाच प्रोग्रॅम फॉर लूप न वापरता लिही" म्हटलं की पेन थांबतो. मग पोरगं म्हणतं मला हे जमत नाही. जमत नाही असं नसतंय ओ, पुस्तक चुकीच्या कामाला लावलेलं असतंय.

तर दोन पुस्तकं ठेवायची. परीक्षेचं आधी चटकन आटपूया, कारण त्यात डोकं लावण्यासारखं फार नाही.

परीक्षेचं पुस्तक: स्कीम बघा, बाकी काय नको

सिलॅबसची कॉपी काढा, कॉलेजच्या नोटीस बोर्डावरची नको, युनिव्हर्सिटीच्या साइटवरची. व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं, हेडऑफिस आपल्या मच्छेलाच आहे पण कॉपी घ्यायला तिथं जायची गरज नाही. वर स्कीम, म्हणजे सिलॅबस कुठल्या सालचा ते, लिहिलेली असते, २०१८, २०२१, २०२२ अशी, आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी टेक्स्टबुक आणि रेफरन्स बुक अशा दोन याद्या असतात. तुमची स्कीम आणि यादीतली स्कीम एकच आहे का बघा, सिनियरचं पुस्तक फुकट मिळालं तरी तो २०१८ चा असेल आणि तुम्ही २०२२ चे तर मॉड्यूल जुळणार नाहीत.

आता सीमाभागाची खास भानगड. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे पाव्हणे कोल्हापूर, गडहिंग्लज, पुण्यात, आणि कोण तरी मायेनं तिकडून पुस्तक पाठवतंच. पण तिकडचं डिप्लोमाचं पुस्तक असतं एमएसबीटीईच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या डिप्लोमा बोर्डाच्या, आय स्कीम नाहीतर के स्कीमचं, आणि इकडचा डिप्लोमा चालतो कर्नाटकाच्या स्वतःच्या सिलॅबसवर. बीसीएचं पण तेच, शिवाजी विद्यापीठासाठी छापलेलं पुस्तक बेळगावच्या राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या पेपरला पूर्ण पुरणार नाही. कव्हरवर कुठल्या युनिव्हर्सिटीचं नाव आहे ते आधी वाचा. तिकडचं पुस्तक शिकायला चालतंय, मार्कांना नाही. एवढं बघितलं की परीक्षेचा विषय संपला, आता खरं काम.

पायरी पहिली: कशासाठी शिकताय ते एका ओळीत लिहा

"पायथन शिकायचंय" हे पुरेसं नाही. एकाला कॅम्पसची टेस्ट द्यायची असते, एकाच्या भावाचं उद्यमबागला वर्कशॉप आहे आणि त्याला एक्सेलमधला जॉबवर्कचा हिशोब आपोआप काढायचा असतो, एकीला बीएससीनंतर डेटाकडं जायचं असतं. तिघांनी पायथनच शिकायचं, पण तिघांचं पुस्तक एक नाही. वर्कशॉपवाल्याला फाइल वाचणं, एक्सेल उघडणं, फोल्डरमधल्या शंभर फाइलींची नावं बदलणं हे पहिल्या अर्ध्या पुस्तकात यायला पाहिजे, त्याला गणिताचे दाखले देणारं पुस्तक दिलं तर तो तिसऱ्या चॅप्टरला सोडून देणार. टेस्टवाल्याला उलट लिस्ट, डिक्शनरी, रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) घट्ट पाहिजे. ती ओळ लिहून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवा आणि बघा, तुमचं काम त्यात कितव्या पानावर येतंय. येतच नसेल तर पुस्तक कितीही नावाजलेलं असूदे, परत ठेवा.

आणि तुमच्या मशीनवर, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये नाहीतर घरी, कुठलं व्हर्जन आहे ते पण त्याच ओळीखाली लिहा. पुढं लागणार आहे.

पायरी दुसरी: कव्हर उलटा आणि बारीक अक्षरांचं पान वाचा

हे पान कोण वाचत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती तिथंच असते. दोन शब्द बघायचे, एडिशन आणि रीप्रिंट. "रीप्रिंट २०२४" असं ठळक लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की परत छापलंय, आतला मजकूर २००९ च्या एडिशनचाच असू शकतो. आपल्याला एडिशनचं साल पाहिजे, छपाईचं नाही. दुकानदार रीप्रिंटवर बोट ठेवून "लेटेस्ट हाय बघा" म्हणेल, हसून एडिशनची ओळ शोधा.

साल खोडलेलं, फाटलेलं असेल, सेकंडहँडमध्ये हे होतंच, तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, त्याचे आकडे मोजा. २००७ पासून हा नंबर १३ आकडी झाला, त्याआधी १० आकडी होता. नुसताच १० आकडी नंबर असेल तर ते छापील पुस्तक २००७ च्या आधीचं, म्हणजे पायथन ३ यायच्या पण आधीचं. इंग्लिश पुस्तकात कधी कधी १० ९ ८ ७ अशी उतरती आकड्यांची ओळ असते, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई.

इंडियन एडिशनला घाबरू नका. कागद पातळ असतो, मूळ पुस्तकात रंगीत असलेला कोड काळापांढरा होतो, "फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी" असं छापलेलं असतं, पण किंमत बरीच कमी पडते. फक्त काही प्रकाशक इंडियन किंवा ग्लोबल एडिशनमध्ये चॅप्टर आणि एक्झरसाइज बदलतात, तेव्हा अनुक्रमणिका मूळ पुस्तकाशी एकदा ताडून बघा.

पायरी तिसरी: पुस्तकाचं वय कोडवरून ओळखा

एडिशनचं साल नवीन असून आतलं कोड जुनं असलेली पुस्तकं ढिगानं मिळतात, म्हणून ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतंय.

सी चं पुस्तक असेल तर पहिला प्रोग्रॅम उघडा. व्हॉइड मेन, कोनिओ डॉट एच, क्लिअरस्क्रीन आणि शेवटी गेटच अशी सगळी वरात असेल तर ते टर्बो सी च्या काळातलं आहे, बोरलँड कंपनीचा डॉसवर चालणारा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम), ९० च्या दशकातला. आजच्या लॅबमध्ये जीसीसी हा कंपायलर असतो, लिनक्सवर त्याला कोनिओ माहीतच नाही. दुसरी खूण, इंट ची, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायच्या प्रकाराची, साइज. "इंट २ बाइटचा, रेंज उणे ३२७६८ ते ३२७६७" असं ठोकून लिहिलेलं असेल तर तो १६ बिटचा हिशोब आहे, तुमच्या मशीनवर तो ४ बाइटचा निघेल. तिसरी खूण जरा गंभीर, स्ट्रिंग वाचायला गेट्स वापरलंय का. हे फंक्शन धोक्याचं आहे, किती अक्षरं घ्यायची हे त्याला कळत नाही, म्हणून सी११ मध्ये, म्हणजे सी च्या २०११ च्या नियमावलीत, ते स्टँडर्डमधून काढूनच टाकलं. जो लेखक अजून तेच शिकवतोय त्यानं बरेच दिवसांत पुस्तक उघडून बघितलेलं नाही. आणि "आय बरोबर आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय, आउटपुट सांगा" असले प्रश्न आणि खाली ठाम उत्तर! सी च्या नियमात याचं उत्तर ठरलेलंच नाही, प्रत्येक कंपायलर वेगळं देऊ शकतो. असले प्रश्न इंटर्नल्सला येतात ते यायचेच, पण शिकायच्या पुस्तकात लेखक त्याचं उत्तर छातीठोक सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या गोष्टींवर पण माझा विश्वास उडतो.

सी++ मध्ये आयोस्ट्रीम डॉट एच दिसलं, म्हणजे नावाला डॉट एच जोडलेलं, की ते १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डच्या आधीचं वळण. त्यापेक्षा चांगली टेस्ट म्हणजे व्हेक्टर (लागेल तशी वाढणारी यादी) आणि स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) कितव्या पानावर येतात ते बघणं. दोनशे-अडीचशे पानं नुसता सी शिकवून, मग न्यू आणि डिलीट, आणि व्हेक्टर शेवटी परिशिष्टात, असं असेल तर नको. सी++११, म्हणजे २०११ च्या स्टँडर्डनंतर लँग्वेज लिहायची रीतच बदलली, ऑटो, नलपॉइंटर, स्मार्ट पॉइंटर इंडेक्समध्ये सापडले पाहिजेत.

पायथनचं सोपं. प्रिंटला कंस नाही, किंवा रॉ-इनपुट दिसतंय, तर पायथन २. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. कंस कधी कधी दोन्हीत चालतो म्हणून भागाकार बघा, ७ भागिले २ चं उत्तर ३ छापलंय तर जुनं, ३.५ छापलंय तर पायथन ३. त्यातही एफ-स्ट्रिंग (अवतरणचिन्हाच्या आधी एफ) असेल तर पुस्तक ३.६ किंवा त्यानंतरचं. पण पायथनच्या बाबतीत वयापेक्षा वेगळीच एक खोड जास्त दिसते, सी शिकवणाऱ्या सरांनी तेच पुस्तक पायथनमध्ये उतरवलेलं असतं, प्रत्येक लूप इंडेक्सनं, रेंज आणि लेन्थ लावून, लिस्टवरून सरळ फिरायचं म्हणून नाही. चालतंय ते पण, पण पायथनची चालच त्यातून कळत नाही.

जावामध्ये ॲपलेटवर अख्खा चॅप्टर असेल तर सोडा, ब्राउझरमधून ते कधीच गेले आणि जावा ९ मध्ये, २०१७ ला, त्यावर अधिकृत फुली पडली. लॅम्डा आहे का बघा, ते जावा ८ चं, २०१४ चं. जावास्क्रिप्टमध्ये लेट, कॉन्स्ट आणि ॲरो फंक्शन २०१५ ला आले, पुस्तक सगळीकडं व्हार आणि डॉक्युमेंट डॉट राइट करत बसलं असेल तर दुसरं बघा.

पायरी चौथी: इंग्लिशची परीक्षा, पण लाज न बाळगता

आपल्याकडच्या कितीतरी पोरांची एसएसएलसी (दहावी) मराठी मीडियमची, मग पीयूसी (अकरावी-बारावी) नाहीतर डिप्लोमाला एकदम इंग्लिश, भोवतीनं कानडी. अशा वेळी जाडजूड इंग्लिश पुस्तक घेतलं की नेमकं काय कळत नाही तेच कळत नाही, इंग्लिश अडतंय की पॉइंटर (सी मधला मेमरीचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल). म्हणून मधलं कुठलंही एक पान घ्या, समजा लूपचं, आणि सावकाश वाचा. शब्द अडले तर चालतंय, टेक्निकल शब्द सगळ्यांनाच नवीन असतात. पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होत असेल, एकेक वाक्य चार ओळींचं असेल, तर ते पुस्तक आत्ता नको, वर्षानं घ्या. छोट्या वाक्यांची, मध्ये मध्ये कोड आणि त्याचं आउटपुट दाखवणारी पुस्तकं शोधा, अशी भरपूर आहेत आणि ती बाळबोध असतात असं काही नाही.

मराठीतली पुस्तकं? घ्या की, पहिल्या महिन्याला आधार म्हणून. फक्त तिसऱ्या पायरीतल्या सगळ्या टेस्ट त्यांनाही लावायच्या, मराठी आहे म्हणून सूट नाही. आणि एरर मेसेज इंग्लिशमध्येच येणार, लायब्ररीची माहिती इंग्लिशमध्येच असणार, त्यामुळं इंग्लिश पुस्तक पुढं-मागं हातात घ्यावंच लागतंय. यावर मला बरा वाटलेला उपाय म्हणजे आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. सी, सी++, जावा, पायथन यांचे धडे मराठीत पण आहेत आणि कन्नडमध्ये पण, फुकट. इंग्लिश पुस्तकाचा चॅप्टर वाचायच्या आधी त्याच विषयाचा मराठी धडा ऐकायचा, मग पुस्तक अर्ध्या वेळात उतरतं. त्यातले काही धडे जुन्या व्हर्जनवर आहेत एवढं लक्षात असूदे.

पायरी पाचवी: मागून वाचा

पुस्तक उलटं करून इंडेक्स काढा. इंडेक्सच नसेल तर अर्धा निकाल तिथंच लागला, कारण शिकताना पुस्तक सरळ वाचत नाही कोण, अडलं की शोधायला उघडतो. असेल तर एररची नावं शोधा. सी च्या पुस्तकात सेगमेंटेशन फॉल्ट, पायथनमध्ये ट्रेसबॅक, नेम एरर, इंडेंटेशन, जावामध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन. नवशिक्याचा निम्मा वेळ यांच्यातच जातो. ज्या पुस्तकात सगळे प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात बरोबर चालतात आणि चुकीचा प्रोग्रॅम एकदाही दाखवलेला नाही, ते पुस्तक तुम्हाला रात्री ११ वाजता एकटं सोडणार. चांगला लेखक स्कॅनएफमध्ये अँड विसरल्यावर काय होतं ते मुद्दाम करून दाखवतो.

मग एक अवघड चॅप्टर उघडा, सोपा नको. सोपे सगळेच बरे लिहितात, व्हेरिएबल म्हणजे डबा हे सगळ्यांनीच लिहून ठेवलंय. सी असेल तर पॉइंटर. सहा पानांत उरकलाय का? ॲरे, स्ट्रिंग, फंक्शन यांच्याशी त्याचं नातं दाखवलंय का? मेमरीचं चित्र काढलंय का? मॅलॉक करून (म्हणजे मेमरी मागून) झाल्यावर फ्री केलंय का, आणि मॅलॉकनं नल दिला तर काय, हे विचारलंय का? चारातलं तीन असेल तर पुस्तक चांगलं.

पायरी सहावी: एक्झरसाइज

यात दोन जाती. "फरक स्पष्ट करा, व्हाइल आणि डू-व्हाइल" ही परीक्षेची जात. "वापरकर्त्यानं रीडिंग दिलं की स्लॅबप्रमाणं लाइटबिल काढा, मग तेच दहा घरांसाठी करा, मग फाइलमधून वाचा" ही शिकायची जात. दुसऱ्या जातीचे प्रश्न प्रत्येक चॅप्टरला पाच-सहा तरी पाहिजेत, आणि आधीच्या प्रश्नावर पुढचा रचलेला असेल तर उत्तमच. उत्तरं पुस्तकात असावीत का? निम्म्यांची असावीत असं मला वाटतंय. एकटं शिकणाऱ्याला, खानापूरच्या आत एखाद्या खेड्यात विचारायला कोण नसताना, उत्तरच नसेल तर तो अडकतो. सगळी असतील तर तो टाइप करायच्या आधी मागची पानं उलटतो, हे पण खरं.

पायरी सातवी: विकत घ्यायच्या आधी दोन प्रोग्रॅम चालवून बघा

मधल्या चॅप्टरमधला एक, शेवटच्या चॅप्टरमधला एक. फोटो काढा नाहीतर प्रकाशकाच्या साइटवर नमुना चॅप्टर असतो तो घ्या. लॅपटॉप नसेल तर सी साठी ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर आहेत, पायथनसाठी फोनवर पायड्रॉइड आहे. जसंच्या तसं टाइप करा. चाललं नाही तर लगेच पुस्तकाला दोष देऊ नका, आधी पुस्तकाच्या नावापुढं "इराटा" लिहून शोधा, चांगल्या प्रकाशकाच्या साइटवर छपाईच्या चुकांची यादी असते. यादी मोठी आहे म्हणून घाबरायचं नाही, यादी ठेवणारा लेखक पुस्तकाकडं अजून बघतोय असा त्याचा अर्थ. कोड डाउनलोडला ठेवलेला असेल तर आणखी चांगलं, पण वापरायचा तो ताडून बघायला, टायपिंग स्वतःच करायचं.

इथंच झेरॉक्सबद्दल. पायथनमध्ये डावीकडची मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग आहे, आणि झेरॉक्समध्ये कडेचा भाग कापला गेला, पान तिरकं आलं की कुठली ओळ लूपच्या आत आणि कुठली बाहेर कळतच नाही. सी मध्ये सेमीकोलन आणि कोलन सारखेच दिसतात. पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केलं तर वळणदार अवतरणचिन्हं येतात आणि कंपायलर ओरडतो. मग दोन तास चूक शोधायची, जी तुमची नव्हतीच.

मिळणार कुठं

आधी लायब्ररी. कॉलेजच्या लायब्ररीत बुक बँक असेल तर नाव घाला, आणि तिथं नवीन एडिशन मागायची पद्धत असते, फॉर्म भरून दिला तर पुढच्या खरेदीत येऊ शकतं, पोरं भरतच नाहीत. शहरातल्या वाचनालयात कॉम्प्युटरचं कपाट बहुतेक जुनं, तिथं तिसरी पायरी कडक लावा. सेम संपली की हॉस्टेलवरचे सिनियर पुस्तकं काढतात, सेकंडहँडला तोच सीझन. पुण्याला कोण जाणारं असेल तर अप्पा बळवंत चौकातून आणायला सांगा, पण पुस्तकाचं नाव, लेखक आणि एडिशन तिन्ही चिठ्ठीवर लिहून, नाहीतर पाव्हणा कायतरी भलतंच घेऊन येतो.

आणि फुकटचं विसरू नका, चोरीचं नव्हे, लेखकानं स्वतः फुकट ठेवलेलं. व्हीटीयूच्या २०१८ स्कीमला पाचव्या सेमच्या पायथनच्या पेपरला ॲल स्वायगार्टचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' आणि ॲलन डाउनीचं 'थिंक पायथन' ही टेक्स्टबुकं होती. दोन्ही ऑनलाइन कायदेशीर फुकट वाचता येतात, आणि पोरं त्यांच्याच झेरॉक्सला पैसे मोजत होती. वर्कशॉपवाल्या भावाला मी पहिलंच देईन, फाइल आणि एक्सेलचं काम त्यात भरपूर आहे. पीयूसीला असाल किंवा दहावी नुकतीच झाली असेल तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची कॉम्प्युटर सायन्सची पुस्तकं पायथनवरच आहेत, पीडीएफ फुकट, भाषा सोपी.

बदलायचं कधी, दुसरं कधी

एका वेळी शिकायचं एकच पुस्तक. दोन आठवडे रोज तासभर द्या, आणि मग एक कोरा कागद घेऊन तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरमधला एक प्रोग्रॅम न बघता लिहा. जमला, चुका असल्या तरी, तर पुस्तक चालू ठेवा. अजिबात नाही जमला आणि टायपिंग करूनसुद्धा नाही जमला, तर निवांत पुस्तक बदला, त्यात कमीपणा नाही. टायपिंगच केलं नसेल तर मात्र बदलून उपयोग नाही, पुढच्या पुस्तकाचं पण तेच होणार. हल्ली एआयला विचारलं की सगळं मिळतं, पुस्तक कशाला, असं म्हणणारे भेटतात. अडलेली ओळ समजून घ्यायला ते झकासच आहे. पण आधी काय शिकायचं आणि नंतर काय हा क्रम विचारायला तुम्हाला ती नावं तरी माहीत पाहिजेत, अनुक्रमणिका त्यासाठीच असते.

पहिलं पुस्तक पाऊण झालं की दुसरं, आणि ते जरा वरच्या पट्टीचं. सी साठी कर्निघन आणि रिची यांचं पुस्तक, रिची म्हणजे ज्यानं सी बनवली तोच. १९७८ ला पहिली आणि १९८८ ला दुसरी एडिशन, दुसरीच घ्यायची. जेमतेम २७२ पानं, त्यामुळं जाडीवर जाऊ नका. १९८८ चं असून कसं चालतं म्हणाल, तर सी चा गाभा तेव्हापासून फार हललेला नाही, आणि दुसरी एडिशन स्टँडर्डला धरूनच लिहिलेली आहे, लँग्वेज किती हलली यावर पुस्तकाचं वय ठरतं, कॅलेंडरवर नाही. पण नवशिक्यानं ते पहिलं म्हणून घेऊ नये, लेखक एका वाक्यात सांगून पुढं जातात आणि एक्झरसाइज अवघड आहेत. आणि त्यातला पहिलाच प्रोग्रॅम नव्या जीसीसी १४ वर एरर देईल, कारण तिथं मेनच्या आधी इंट लिहिलेलं नाही. पूर्वी चालायचं, आता चालत नाही. इंट घाला आणि पुढं वाचा.